मदत हवी आहे: उन्हाळ्यात वापरातलं इन्सुलिन ठेवायचं कुठे?

नमस्कार मंडळी. सासूबाईंना मार्चपासून इन्सुलिन सुरू झालंय. आम्ही धायरीत अगदी वरच्या मजल्यावर राहतो. गच्ची तापली की दुपारी स्वयंपाकघरातलं थर्मामीटर ३५ दाखवतं.

परवा घोळ झाला. जास्त गार तेवढं चांगलं, अशा समजुतीने मी इन्सुलिनची नवी पेनं (औषध भरलेली, टोचायची) फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. काढून बघते तर एकात बर्फाचे कण! सासूबाई म्हणाल्या, "वितळू दे की, एवढं महागाचं टाकतेस कुठे?" मेडिकलवाल्या काकांनी वेळीच अडवलं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही वापरायचं नसतं. आता न उघडलेली पेनं मधल्या कप्प्यात, डब्यात ठेवते, २ ते ८ अंशांत. दाराच्या कप्प्यात नाही, कारण दार दिवसातून पन्नासदा उघडतं.

अडलंय ते वापरातल्या पेनाचं. त्याच्या कागदावर ३० अंशांच्या खाली आणि २८ दिवस असं लिहिलंय. आमच्याकडे ३० कुठून आणू? फ्रिजमधलं गार इन्सुलिन टोचलं की त्यांना झोंबतं. शेजारच्या आजी म्हणतात, मातीच्या भांड्यात ओली वाळू घालून मध्ये डबी ठेव. कोणी केलंय का हे? आत किती अंश राहतात, थर्मामीटर ठेवून पाहिलंय का? आणि गुरुवारी चार-चार तास लाईट जाते, तेव्हा फ्रिजमधल्या साठ्याचं तुम्ही काय करता?

डोस डॉक्टरच ठरवतात, प्रश्न फक्त ठेवण्याचा आहे.