शाळेची परसबाग: बारमाही करायची की मार्चमध्ये आवरायची?

खडूफळा:
आमची जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, बार्शी तालुक्यात. पट ६०, शिक्षक दोन. शाळेमागं चार गुंठे मोकळे आहेत. दरवर्षी परसबाग होते. तपासणी जवळ आली की वाफे, रंगवलेल्या पाट्या, फोटो. मे उजाडला की सगळं वाळून कोळसा. या वेळी व्यवस्थापन समितीपुढं मी मांडलं की बाग शाळेची न ठेवता गावाची करू. मुलं तिथं शिकतील, भाजी पोषण आहारात जाईल आणि सुट्टीत जे निघेल ते पाणी घालणाऱ्या घरांनी न्यावं. बैठकीत सरळ दोन तट पडले. माझा कल बारमाहीकडं आहे, हे आधीच सांगतो. विरोधातलं ऐकायचंय.

बांधावरचा:
गुरुजी, २०२३ ला दुष्काळ जाहीर झालेल्या ४० तालुक्यांत तुमचा बार्शी होता. एप्रिल-मेला माणसं टँकरची वाट बघत असतात, आणि तुम्ही पालकाला पाणी पाजणार? उन्हाळी पालेभाजीला दिवसाआड पाणी लागतं. शिवाय आम्ही रान तापू देतो ते आळस म्हणून नाही. उन्हाळी नांगरटीनं मुळं खाणारी हुमणी आणि किडींचे कोष वर येतात, उन्हानं आणि पाखरांनी संपतात. जुलैला लावा, मार्चला काढा, कुदळ मारून ठेवा.

तिसरीतलीची आई:
माझा आक्षेप पाण्याचा नाही. मी लग्नाआधी दुसऱ्याच्या रानात रोजानं खुरपलंय. पोरीच्या हातात खुरपं येऊ नये म्हणून तर शाळेत घातलं. शहरातल्या शाळेत याला उपक्रम म्हणतात, फी घेऊन करतात. आमच्याकडं ते कामच असतं. आणि बादल्या कुणाच्या पोरांना उचलायला लावतात, झाडाखाली वही घेऊन मोजणी कुणाची पोरं करतात, हे गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

वर्धेकर:
ताई, मुद्दा खरा आहे, पण म्हणून बागच नको हे पटत नाही. १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली ती हाताच्या कामातून शिकण्यासाठीच. सेवाग्रामचं आनंद निकेतन आजही मुलांना शेतीतून शिकवतं. पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तिथंही हातानं करत शिकणं हाच पाया. वाफ्याचं क्षेत्रफळ काढलेलं पोरगं ते फळ्यावर विसरत नाही.

तिसरीतलीची आई:
सेवाग्रामला शिक्षकांचं ते रोजचं काम. इथं दोन मास्तर, त्यातला एक मतदार याद्या घेऊन फिरतोय.

डाळतांदूळ:
मी बचत गटातर्फे आमच्या गावच्या शाळेत आहार शिजवते. पहिली ते पाचवीला माणशी ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. म्हणजे गुरुजी, तुमच्या ६० पोरांना रोज ३ किलो. बारमाही-बिरमाही नंतर बघा, आधी रोजचं सांगा. आमच्या बागेत एका सोमवारी १२ किलो मेथी आली. निवडता निवडता दोघी टेकीला आलो, निम्मी पिवळी पडली. पुढचे तीन आठवडे परत बटाटा. सगळे वाफे एकाच दिवशी पेरायचे, कारण त्या दिवशी पाहुणे फोटोला यायचे. पेरायचंच असेल तर आठ-दहा दिवसांनी एकेक वाफा पेरा. मेथी महिन्यात निघते, पालकाला थोडं जास्त. एक काढला की दुसरा तयार, असं चाललं तरच पातेल्यात काही पडतं.

खडूफळा:
डाळतांदूळताई, हे समितीत कुणालाच सुचलं नव्हतं, नोंदवून घेतो.

बांधावरचे दादा, बारमाही म्हणजे मेमध्ये पालक असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात दोडका, भेंडी, गवार. थंडीत मेथी, मुळा, टोमॅटो. आणि उन्हाळ्यात फक्त झाडं-वेल: शेवगा, हदगा, कढीपत्ता, पपई, कुंपणावर तोंडली. वाफे तुम्ही म्हणता तसे खणून तापू द्यायचे. झाडांना पाणी कुठलं? जेवणानंतर पोरं हात आणि ताटल्या धुतात, माणशी दोन लिटर धरलं तरी १२० लिटर. आज ते नळाखाली चिखल करून जिरतं, डुकरं लोळतात. एक चर काढून खाली केळी, अळू आणि पुढं शेवग्याची आळी, वर पाचटाचं आच्छादन. सुट्टीत हे पाणी बंद होतं, तिथंच गावाची गरज आहे. आणि दुष्काळी भागात सुट्टीतही आहार द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलेलं आहे. मेमध्ये ताट मांडायचं तर शेवग्याचा पाला तरी वरणात पडावा.

ताई, तुमच्या मुद्द्याला सोपं उत्तर नाही. मोजणी आणि बादली दोन्हींच्या चिठ्ठ्या टाकायच्या, मास्तरांचं नावही त्यात, एवढंच मला सुचतंय.

बांधावरचा:
शेवगा लावणार असाल तर माझा विरोध निम्मा गेला. खड्डे मात्र आत्ता उन्हात घ्या, शेणखत भरून पहिल्या पावसाला रोप लावा. दरवर्षी छाटा, नाहीतर शेंगा काढायला शिडी लागेल. बी-बियाणं विकत आणू नका. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी देशी वाणांची बँक उभी केली, २०२० चा पद्मश्री त्यांना मिळाला. तेवढं नको, पण दोन दोडके वेलावर वाळू द्यायला काय जातं?

उरलेला निम्मा विरोध वाटपाला. चांगली भाजी निघाली की पहिली टोपली कुणाच्या वाड्यात जाते, ते मला विचारू नका.

वर्धेकर:
वजनकाटा आणि वही व्हरांड्यात ठेवा, सगळ्यांना दिसेल अशी. चौथीच्या पोरांनी मोठ्या अक्षरात लिहावं, कुणी किती नेली.

तिसरीतलीची आई:
माझं मत अजून "नको" असंच आहे. पण चिठ्ठीत मास्तरांचं नाव खरंच निघालं आणि त्यांनी बादली उचलली, तर मी येऊन बघेन.

डाळतांदूळ:
बाकी काही ठरवा, फाटकाची किल्ली कुणाकडं ते आधी ठरवा. आमच्याकडं ती माझ्याकडं होती. शेळ्या शिरल्या की बोलणी मला, आणि सुट्टीत मी माहेरी गेले तर बाग बंद.