सीए (केमिकल अ‍ॅनालायझर, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेच्या) रिपोर्टात ‘जुळतो’ लिहिलंय, म्हणजे नक्की किती जुळतो?

कोर्टाची_पायरी
नमस्कार मंडळी. सत्र न्यायालयात ज्युनियर म्हणून दीड वर्ष झालं. काल सरांनी खुनाच्या केसची फाइल हातात ठेवली. म्हणाले, “सीए रिपोर्ट वाच आणि उद्या सांग, आपल्या विरुद्ध काय काय आहे.” आम्ही आरोपीकडून आहोत.

कामाच्या दोनच गोष्टी दिसल्या. आरोपीच्या शर्टावर मानवी रक्त, गट ‘बी’, आणि मयताचा गटही ‘बी’. दुसरं, शेताच्या बांधावर ओल्या मातीत मिळालेला चपलेचा ठसा आरोपीच्या चपलेशी ‘आकार व नक्षीत जुळतो’. क्लास एव्हिडन्स (एका प्रकारच्या अनेकांना लागू पडणारा पुरावा) आणि इंडिव्हिज्युअल एव्हिडन्स (एकाच वस्तूकडे किंवा माणसाकडे बोट दाखवणारा) यांतला फरक पाच मार्कांसाठी पाठ केला होता, पण फाइल समोर आली आणि काय कुठे टाकायचं कळेना. ठसा म्हणजे इंडिव्हिज्युअलच ना?

धोपटमार्गी
सोपं आहे. डीएनए आणि बोटांचे ठसे इंडिव्हिज्युअल. रक्तगट, धागे, काच, रंग, माती, चपला सगळं क्लास. पाठ करून टाका.

मुद्देमाल_काका
हे उत्तर परीक्षेत चालेल, उलटतपासात पाच मिनिटं टिकणार नाही. मी सत्तावीस वर्षं प्रयोगशाळेत मुद्देमालाची लाखेची सीलं फोडली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

ताई, घरातली एखादी जुनी चप्पल उलटी करून बघा. तळाची नक्षी साच्यातून येते, आणि एका साच्यातून हजारो तळ निघतात. नक्षी, नंबर, लांबी-रुंदी हे सगळं क्लास. त्यानंतर झीज. माझी टाच बाहेरच्या कडेला झिजते. त्यानं संशयाचं वर्तुळ लहान होतं, पण तसं चालणारे पुष्कळ. आता माझ्या उजव्या तळाला अंगठ्याखाली तिरका काप आहे, नारळ फोडला तेव्हा करवंटीवर पाय पडला होता. शिवाय नक्षीच्या एका खाचेत खडी रुतून बसली आहे. काप कुठे, किती तिरका, खडी कितव्या खाचेत, हे सगळं एकाच ठशात उमटलं तर तिथे इंडिव्हिज्युअलची भाषा सुरू होते. म्हणजे एकच चप्पल, आणि तिच्यावर दोन्ही जातीचा पुरावा. तुमचा रिपोर्ट ‘आकार व नक्षी’ म्हणून थांबलाय. काप-खडीबद्दल अवाक्षर नसेल तर ती चप्पल त्या साच्यातल्या हजारांपैकी एक, एवढंच त्यानं सांगितलंय.

इथे मी स्वतः एकदा आपटणार होतो. तळाला मोहरीएवढा उंचवटा होता, ठशातही नेमका त्याच जागी खड्डा. मी खूश! आमचे साहेब म्हणाले, “बाजारात जाऊन तसलाच नवा जोड घेऊन ये.” आणला, आणि त्यालाही तोच उंचवटा. दोष साच्यात होता, प्रत्येक तळ तो घेऊनच जन्माला येत होता. तेव्हापासून काही खास दिसलं की आधी विचारायचो, हे कारखान्यात झालं की रस्त्यावर?

गावठी कट्ट्याचं आणखी वेगळं. कारखान्यात बनलेल्या पिस्तुलाच्या नळीत पीळ असतात. ते किती, कुठल्या बाजूला वळतात हे क्लास, आणि त्यांतले बारीक ओरखडे त्या एका नळीचे. कट्ट्याला बहुतेक वेळा साधी नळीच असते, म्हणून गोळीवर पिळाची खूण मिळत नाही. पण हातानं कानशीनं घासलेल्या फायरिंग पिनचा (काडतुसावर आदळणाऱ्या खिळीचा) ठसा काडतुसाच्या बुडावर असा काही बसतो की बघत राहावं.

रक्ताचं थोडक्यात. आपल्याकडे साधारण दर तिघांमागे एक बी गटाचा. डॉ. भेंडे यांनी १९५२ साली मुंबईत शोधलेला तो दुर्मिळ ‘बॉम्बे’ गट घेतला, दहा हजारांत साधारण एक, तरी सव्वा कोटीच्या मुंबईत हजाराच्या वर माणसं निघतील. तोही क्लासच. मात्र क्लासला कमी लेखू नका. शर्टावर बी आणि मयत ए गटाचा असता तर ‘हे रक्त त्याचं नाही’ एवढं तरी ठणकावून सांगता आलं असतं. आणि आरोपीचा स्वतःचा गट काय आहे हो?

धोपटमार्गी, तुमच्यासाठी एक. २००४ च्या माद्रिद रेल्वे स्फोटांत डिटोनेटरच्या पिशवीवरचा बोटाचा ठसा एफबीआयनं ओरेगनमधल्या एका वकिलाचा ठरवला आणि त्याला डांबून ठेवलं. तो ठसा अल्जीरियातल्या माणसाचा आहे, हे स्पॅनिश पोलिसांनी दाखवून दिलं. एफबीआयला माफी मागावी लागली. बोटावरच्या रेषा एकमेव असतील, पण पिशवीवर उमटला तो अर्धवट डाग, आणि जुळला म्हणाली ती माणसं.

धोपटमार्गी
बरं काका, मागे घेतो. पण डीएनए?

मुद्देमाल_काका
एकसारखे (आयडेंटिकल) जुळे भाऊ सोडले तर पूर्ण प्रोफाइल फार भक्कम. अर्धवट निघालं किंवा दोघा-तिघांचं मिसळलेलं असलं की किती जणांत एकाशी जुळेल तो आकडा विचारायचा, नुसतं ‘जुळतो’ ऐकून खाली बसायचं नाही.

आठ_नंबर
माझं चपलांचं दुकान आहे. तळ बनवणारा एक, पट्टे लावणारे दहा. एकच तळ तीन वेगळ्या नावांच्या चपलांना मी स्वतः विकतो. आणि खेडेगावात आठवडी बाजारात एकाच गाठोड्यातले जोड अर्ध्या गावाच्या पायात जातात. आरोपीनं कुठून घेतली ते विचारा.

कोर्टाची_पायरी
काका, फाइल परत चाळली. आरोपीच्या रक्ताचा नमुना पाठवला होता, शेरा ‘गट अनिर्णित’. चप्पल अटकेनंतर, म्हणजे घटनेच्या अकराव्या दिवशी जप्त. ठशाचा फोटो आहे, पण शेजारी मोजपट्टी नाही.

मुद्देमाल_काका
अकरा दिवस चप्पल पायात राहिली असेल तर तळ झिजला असणार, नवे कापही पडले असतील. ते तुमच्या बाजूनं वापरता येईल, पण सरकारी वकीलही ‘फरक दिसतो तो त्यामुळेच’ म्हणतील, तयारीत राहा. पट्टीशिवायच्या फोटोवरून ‘आकार’ मोजलाच कसा? रिपोर्ट बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम ३२९ खाली साक्षीशिवाय पुराव्यात येतो, पण तज्ज्ञाला बोलावण्याचा अधिकार कोर्टाला आहे. तसा अर्ज करा. त्याआधी मुद्देमालात ठशाचा प्लॅस्टर कास्ट (ठशात प्लॅस्टर ओतून घेतलेला साचा) आहे का बघा.

कोर्टाची_पायरी
आहे. टाचेकडचा भाग तुटलेला. पंचनाम्यात मात्र ‘सुस्थितीत’ लिहिलंय.