वकील लागतो तो वावरासाठी
दादा, मुलगी बौद्धिक दिव्यांग, पुढच्या वर्षी 18 पूर्ण, म्हणून पालकत्वासाठी वकील शोधताय. त्यासाठी कोर्टाची पायरी चढायची गरज नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समितीच पालक नेमते. (नुसत्या मानसिक आजाराला हा कायदा लागत नाही, हं.)

वकील लागतो तो वावरासाठी, म्हणजे तुमच्यामागे ते मुलीसाठी कसं ठेवायचं यासाठी. आमच्या भाच्याच्या वेळी पहिले वकीलसाहेब म्हणाले, सातबारावर पोराचं नाव चढवा, झालं! अन् मग ते वावर सांभाळणार कोण, सही कोणाची? म्हणून वकिलाला आधी एवढंच विचारा: मृत्युपत्रातून खाजगी ट्रस्ट (वावर विश्वासू माणसांच्या हाती, फायदा लेकराला) केलाय का कधी? अडखळले तर उठा. फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दिव्यांगांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.