हलके रोलर: बर्फावरचा हिशेब गोव्याच्या स्कूटरला कशाला?

मांडवीकाठ: स्नोमोबाइलवाले (बर्फावरच्या गाड्या चालवणारे) क्लचमधली वजनं हलकी करतात आणि गाडी लगेच उसळते. आपल्या गिअरलेस स्कूटरलाही तसाच पट्टा आणि तशाच दोन पुली: पुढची इंजिनाकडे, मागची चाकाकडे; वेग वाढला की पुढची मिटते आणि पट्टा तिच्या कडेकडे चढतो. हलके रोलर (फिरताना बाहेर फेकली जाऊन पुढची पुली मिटवणारी वजनं), हलका क्लच डबा (मागच्या क्लचचं बाहेरचं गोल भांडं), कडक स्प्रिंगा टाकल्या की पिकअप वाढतो आणि मायलेजही. चवथीच्या आधी सगळ्यांनी हे करून घ्यावं.

फोंड्याचा फिटर: पिकअप आणि मायलेज दोन्ही? हे वाचून पोरं उद्या दुकानात जाऊन पैसे घालवतील, म्हणून सविस्तर लिहितो.

बर्फातली मंडळी वजन हलकं करतात ते मुख्यतः उंचीमुळे. अडीच-तीन हजार मीटरवर हवा विरळ, इंजिनाची पाव ताकद तिथेच जाते. जुनं वजन ठेवलं तर पुली वेळेआधी मिटते आणि इंजिन दबतं. गेलेले आरपीएम परत आणायचे म्हणून वजन उतरवायचं. पणजी समुद्रसपाटीला आहे. चोर्ला घाटाचा माथासुद्धा साधारण ८०० मीटर, तिथे हवा सात-आठ टक्केच विरळ.

शिवाय स्नोमोबाइलला मागे शू-क्लच (फिरताना बाहेर फाकून डब्याला धरणारे तुकडे, म्हणजे शू) नसतोच. पुढची पुली पट्टा पकडते तोच क्लच. आपल्याकडे पकड मागच्या शूची आणि डब्याची. दोन्हींचे त्रास वेगळे, उपायही वेगळे.

आता रोलर. त्याचा जोर वजनाच्या पटीत आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. १२ ग्रॅमचे काढून १०.५ चे टाकले तर तोच जोर यायला इंजिनाला साधारण ७ टक्के जास्त फिरावं लागतं, ६५०० च्या जागी ६९५०. त्या फेऱ्यांचं पेट्रोल कोण देणार? मायलेज कमीच होणार.

डोंगरवाट: गणित बरोबर, निकाल एकतर्फी. ११० सीसीच्या बऱ्याच स्कूटरांची कमाल पॉवर ८००० आरपीएमच्या आसपास मिळते आणि टॉर्क, म्हणजे ओढ, ५००० ते ५५०० ला. कंपनी रोलर बसवते ते मायलेज बघून. मागे माणूस, पुढे सामान, आणि पणजीच्या आल्तिनो टेकडीचा चढ. तिथे इंजिन दबतं ते जड रोलरमुळेच. प्रत्येकी एक ग्रॅम उतरवला तर चढावर फरक कळतो. चढ काय फक्त तीन हजार मीटरवरच असतो?

फोंड्याचा फिटर: एक ग्रॅम, आणि रोज डबलसीट चढ असेल तर, मान्य. पण लोक एक ग्रॅमवर थांबत नाहीत, थेट तीन-चार उतरवतात. मग रोलर रॅम्पच्या (पुलीतल्या तिरक्या वाटेच्या) टोकाला पोचतच नाही, पट्टा पुलीच्या कडेपर्यंत चढत नाही आणि हायवेवर इंजिन नुसतं ओरडतं. तपासायचं असेल तर पुढच्या पुलीच्या तबकडीवर मार्करने आतून बाहेर रेघ ओढा, मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल देऊन या, कव्हर उघडा. रेघ जिथपर्यंत पुसली तिथपर्यंत पट्टा चढला. कडेला बरीच शिल्लक असेल तर रोलर जास्तच हलके झालेत.

आणि त्याआधी जुने रोलर काढून बघा. एका बाजूने चपटे झाले असतील तर मूळ वजनाचे नवे सहा टाकूनच अर्धी तक्रार जाते.

चोडणची फेरी: रोलरवर एवढं भांडण, पण खरा घातक माल हलका डबा आहे. डबा २५० ग्रॅमने हलका केला, त्रिज्या ६ सेंटिमीटर आणि मागच्या गिअरचं प्रमाण १:९ धरलं, तर तो फायदा गाडीचं वजन दीड किलोने उतरवण्याएवढा. स्वार धरून पावणेदोनशे किलोच्या गाडीत एक टक्कासुद्धा नाही! उलट धातू कमी झाला की उष्णता साठवायला जागा कमी. फेरीबोटीच्या ओल्या उतारावरून इंच-इंच वर येताना शू घसरतच असतात. डबा निळा पडतो, शूवर काचेसारखी चकाकी चढते आणि सुटताना गाडी थरथरते.

किनारी: थरथरीचा विषय निघालाच आहे तर, पावसात सकाळी पहिल्यांदा काढताना गाडी झटके देते. त्याचं काय? ग्रीस कमी पडलं म्हणायचं का?

फोंड्याचा फिटर: ग्रीस! तिथे ग्रीस लावून किती पट्टे वाया गेले असतील. तो झटका डब्याच्या आतल्या गंजाचा आहे. खारी हवा, रात्रभर दमट, लोखंडी डब्यावर तांबूस थर बसतो आणि शू त्याला अडकतात. डबा काढा, १२० नंबरचा पॉलिशपेपर आडवा-तिडवा फिरवा, शूची चकाकी हलकीच घासा, ब्रेक क्लीनरने पुसा. धूळ फुंकू नका, मास्क लावा. लोक यावर अख्खा क्लच बदलतात.

डोंगरवाट: सरसकट 'ग्रीस नको' हेही चूक. मागच्या पुलीच्या पिनांना ग्रीस लागतंच, म्हणून तिथे ओ-रिंग असतात. काही मॉडेलांत रोलरलाही कंपनीच ग्रीस देते.

फोंड्याचा फिटर: मागच्या पिनांना हो, तेही बेताचं आणि उष्णतेत न वितळणारं. पुढे रोलर कोरडे असतील तर कोरडेच ठेवायचे. मॅन्युअल बघा. ओ-रिंग फाटली की ग्रीस उडून पट्ट्यावर येतं, पट्टा घसरतो, आणि मालक म्हणतो रोलर खराब!

किनारी: आणि पाणी?

चोडणची फेरी: पाणी शिरलं की पट्टा घसरतो: इंजिन ओरडतं, गाडी हलत नाही. थ्रॉटल पिळत बसू नका. कव्हर उघडा, पुलीचे गाल कोरडे पुसा, हवेच्या वाटेचा फोम वाळवा. लाल मातीच्या भागात तो फोम लवकर बुजतो, मग आतली गरमी बाहेर जात नाही. पट्टा तडकण्याचं हे मोठं कारण, आणि त्याकडे कोणी बघत नाही.

मांडवीकाठ: विषय रोलरचा होता. कडक स्प्रिंगेवर कोणी बोललंच नाही.

डोंगरवाट: मागची मोठी स्प्रिंग कडक केली की पट्टा जास्त दाबला जातो, चढावर गाडी पटकन खालच्या प्रमाणात (जणू खालच्या गिअरमध्ये) येते, पण पट्टा तापतो. क्लचच्या तीन छोट्या स्प्रिंगा कडक केल्या तर क्लच उशिरा पकडतो. म्हापशाच्या बाजाराच्या गर्दीत ते नकोच.

मांडवीकाठ: ठीक. मायलेजचं वाक्य मागे घेतो, डबा आणि स्प्रिंगा मूळच्याच राहतील. रोलर मात्र एक ग्रॅमने हलके टाकणारच.

फोंड्याचा फिटर: टाका. सहाही एकाच वजनाचे घ्या, काट्यावर तपासून. बसवताना मागच्या पुलीच्या तबकड्या हाताने फाकवून पट्टा खोल ढकला, म्हणजे पुढे तो ढिला राहील. नाहीतर तो तबकडी आणि बुशच्या (मधल्या नळीच्या) मध्ये चिमटतो, पुढच्या पुलीचा नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि नंतर सैल होऊन क्रँकच्या दांड्यावरचे दाते खातो. नट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळा, नुसत्या इम्पॅक्ट गनने नको.