एकाच विहिरीत लाव्हाचे इतके वेगवेगळे दगड कसे?

सिन्नरचा_शेतकरी
नमस्कार मंडळी. सिन्नर तालुक्यात विहीर खोदतोय. वरचा बारा फूट मुरूम गेला, मग मांजऱ्या लागला. नुसता भोकाभोकांचा, भोकांत पांढरे-गुलाबी खडे. त्याखाली काळा पाषाण, सुरुंगालाही दाद देईना. काल 46 फुटांवर विटेसारखा तांबडा गेरू आला आणि त्याखाली परत मांजऱ्या! शाळेत शिकलो की आपल्याकडचा दगड लाव्हाचा. मग एकाच लाव्हाची इतकी रूपं कशी? आणि ज्वालामुखी होता तर त्याचा डोंगर कुठं गेला? वडील म्हणतात गेरू म्हणजे भाजलेली जुनी माती.

भूगर्भ_शिकवते
दादा, वडिलांचं बरंचसं बरोबर आहे. तुम्ही लाव्हाचा एक अख्खा थर पार करून खालच्या थराच्या माथ्यावर पोचलात.

जमिनीखाली मॅग्मात, म्हणजे वितळलेल्या खडकात, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड दाबामुळे विरघळलेले असतात. मॅग्मा वर येतो, दाब कमी होतो, वायूचे बुडबुडे सुटतात. ते वर चढतात आणि थिजणाऱ्या सायीखाली अडकतात, तो तुमचा मांजऱ्या. मधला लाव्हा सावकाश निवला, बुडबुडे निघून गेले, म्हणून काळा पाषाण ठोस. भोकांतले खडे नंतरचे, खडकात मुरलेल्या गरम पाण्यातून बसलेले. गुलाबी खडा मधे बांधलेल्या पेंढीसारखा दिसत असेल तर तो स्टिल्बाइट नावाचं खनिज. फोडू नका, जपून ठेवा.

गेरू म्हणजे दोन लाव्हांमधली सुट्टी. खालचा थर निवला, झिजला, माती झाली, तिच्यातलं लोखंड तांबडं पडलं. मग पुढचा तापलेला लाव्हा तिच्यावर पसरला. हे सगळं साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचं.

डोंगराचं म्हणाल तर आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे या काळ्या दगडात, लाव्हा घट्ट करणारा घटक सिलिका जेमतेम निम्मी. 1100-1200 अंशांचा हा लाव्हा पातळ, वायू सहज सोडणारा, भेगांतून येऊन लांबवर पसरणारा. आइसलंडच्या लाकीला 1783 साली असंच झालं, सुमारे 25 किलोमीटरच्या भेगेतून आठ महिने उद्रेक चालला. उलट अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा मॅग्मा सिलिकायुक्त, घट्ट. वायू कोंडला आणि 1980 मध्ये डोंगराची एक बाजूच उडाली.

आणि खाली आगीचा समुद्र आहे हे मनातून काढा. पृथ्वीच्या कवचाखालचा जाड थर, म्हणजे प्रावरण, घनच असतं. गरम खडक वर सरकतो, दाब उतरतो, तेव्हा त्याचा थोडा भाग वितळतो.

साक्रीकर
त्या भेगा पाहायच्या तर आमच्याकडे या. धुळे-नंदुरबारला काळ्या दगडाच्या सरळ भिंती रानातून लांबवर जातात. लहानपणी आम्हाला वाटायचं कुणीतरी तट बांधलाय! भेगेतच थिजलेला मॅग्मा तो.

भूगर्भ_शिकवते
अगदी बरोबर, त्यांना डाइक म्हणतात. कसारा घाटात तर एका थरात मोठमोठे पांढरे फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक आहेत. इतके मोठे स्फटिक लाव्हा पसरल्यावर वाढत नाहीत. तो मॅग्मा वर येण्याआधी खोल कोठीत बराच काळ थांबला होता, हे तो दगडच सांगतो.

सिन्नरकर, एक काम करा. विहिरीच्या भिंतीत, गेरूच्या लगेच वर, बुडबुडे वर चढताना राहिलेल्या बारीक उभ्या नळ्या दिसतात का बघा. वाकलेल्या असतील तर लाव्हा बहुधा त्याच बाजूला वाहिला.

सिन्नरचा_शेतकरी
मॅडम, सकाळी यारीच्या टोपल्यात बसून खाली गेलो. गेरूच्या वीतभर वर करंगळीपेक्षा बारीक नळ्या आहेत, आत हिरवट काहीतरी भरलेलं. सगळ्यांचे शेंडे पूर्वेकडे कललेले. वडिलांना फोटो दाखवला, ते आता स्वतः उतरायचं म्हणतायत.