व्हिटिंगहॅम रुग्णालयाची खासगी रेल्वे (१८८९–१९५७) : प्रवासी वाहतुकीच्या माहितीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमधील लँकशायर परगण्यात, प्रेस्टन शहराच्या ईशान्येस असलेल्या व्हिटिंगहॅम मनोरुग्णालयाची स्वतःच्या मालकीची, सुमारे दोन मैलांची रेल्वे होती. तिच्यावर मी मराठीत सविस्तर लेख लिहीत आहे आणि त्यातील एका भागासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

हे रुग्णालय १८७३ मध्ये सुरू झाले आणि १९३९ च्या सुमारास तेथील रुग्णसंख्या साडेतीन हजारांवर गेली होती. वाढत्या वस्तीला लागणारा कोळसा व इतर सामान प्रेस्टन–लाँगरिज या रेल्वेच्या शाखामार्गावरील ग्रिमसार्ग स्थानकातून थेट आवारात यावे, या हेतूने १८८९ मध्ये हा लोहमार्ग सुरू झाला. मात्र त्यावरून माणसेही जात असत, आणि माझ्या दृष्टीने खरा इतिहास तोच आहे. कर्मचारी आणि रुग्णांना भेटायला येणारे नातेवाईक यांना प्रवास विनामूल्य होता. मालगाडीला जोडायचे गार्डाचे डबे बदलून घेऊन त्यांतून ही मंडळी नेली जात. १९३० मध्ये लाँगरिज शाखामार्गावरील सार्वजनिक प्रवासी गाड्या बंद झाल्या, तरी रुग्णालयाची गाडी चालूच राहिली. लोक बसने ग्रिमसार्गला उतरून तिच्यात बसत. ३० जून १९५७ रोजी ती थांबली.

इंजिनांबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. १९४७ मध्ये सदर्न रेल्वे या ब्रिटिश कंपनीकडून घेतलेले जुने टँक इंजिन (पाण्याची टाकी स्वतःवरच असलेले वाफेचे इंजिन), त्याला दिलेले ‘जेम्स फ्रायर्स’ हे नाव, नंतर आलेले ‘ग्रॅडवेल’ नावाचे सेंटिनल कंपनीचे इंजिन, हे सारे रेल्वेप्रेमींनी आस्थेने टिपले आहे. परंतु भेटीच्या दिवशी आईला किंवा भावाला पाहण्यासाठी त्या डब्यात चढणाऱ्या माणसाविषयी फार थोडे हाती लागते. प्रवास फुकट असल्याने तिकीटविक्रीच्या आकड्यांवरूनही काही काढता येत नाही.

रुग्णालयाची कागदपत्रे प्रेस्टन येथील लँकशायर अभिलेखागारात आहेत. तिथे किंवा मँचेस्टर परिसरात राहणाऱ्या कोणी ती पाहिली असल्यास, व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तांत या गाडीच्या वेळा, भेटीचे दिवस किंवा डब्यांच्या दुरुस्तीचे उल्लेख आहेत का, हे कृपया कळवावे. रुग्णांच्या वैयक्तिक नोंदी मला नको आहेत. त्या खासगीच राहाव्यात.

रुग्णालय १९९५ पर्यंत चालू होते. त्यामुळे आपल्यापैकी कोणाच्या घरातील डॉक्टर वा परिचारिका तिथे नोकरीस असतील आणि जुन्या सहकाऱ्यांकडून या गाडीच्या गोष्टी त्यांनी ऐकल्या असतील, तर त्या इथेच लिहाव्यात. ग्रिमसार्गकडील जुन्या मार्गाची आजची छायाचित्रे कोणी काढून पाठवू शकल्यास तीही उपयोगी पडतील. लेखात वापरण्यापूर्वी मी आपली परवानगी घेईन.