मदत हवी आहे : डॅनिश ‘क्योबे’ आणि लॅटिन ‘काउपो’ यांच्यामधला दुवा

नमस्कार. डॅनिश भाषेत ‘विकत घेणे’ या अर्थी ‘क्योबे’ हे क्रियापद आहे (त्यातला पहिला स्वर ओठांचा चंबू करून ‘ए’ म्हटल्यासारखा असल्याने देवनागरीत नीट बसत नाही). कोपनहेगनच्या डॅनिश नावाच्या, म्हणजे ‘क्योबनहाउन’च्या, पूर्वार्धात हाच शब्द दडलेला असून त्या नावाचा अर्थ ‘व्यापाऱ्यांचे बंदर’ असा आहे. इ. स. १२०० च्या सुमारास डॅनिश इतिहासकार साक्सो ग्रामाटिकुसने आपल्या लॅटिन इतिहासात ते ‘मेर्कातोरुम पोर्तुस’ असे उतरवले. गंमत म्हणजे ज्या शब्दाचे त्याने लॅटिन केले, तो मुळात लॅटिनमधूनच आलेला होता.

त्याचे मूळ ‘काउपो’, म्हणजे खानावळ चालवणारा, किरकोळीने मद्य विकणारा. शब्द उसना आहे हे मला पटते, कारण जर्मानिक भाषांत (डॅनिश, जर्मन, इंग्रजी ज्या कुळातल्या, त्या भाषांत) वारशाने आलेल्या ‘क’चा ‘ह’ होतो: संस्कृत ‘शृंग’, लॅटिन ‘कोर्नू’, पण डॅनिश ‘होर्न’. इथे मात्र ‘क’ जसाच्या तसा राहिला आहे. हा शब्द हान्साच्या (उत्तर जर्मन व्यापारी शहरांच्या मध्ययुगीन संघाच्या) व्यापाराच्या काळात उत्तर जर्मनीतून आलेला नसावा, हेही स्पष्ट दिसते. जुन्या नॉर्समधील (स्कँडिनेव्हियाच्या मध्ययुगीन भाषेतील) ‘काउपा’चे ‘क्योबे’ झाले, तसेच धावणे या अर्थाच्या ‘ह्लाउपा’चे ‘ल्योबे’ झाले, म्हणजे स्वर आणि ‘प’चा ‘ब’ दोन्ही घरच्याच नियमाने बदलले.

माझे अडते ते मधल्या टप्प्यावर. चौथ्या शतकातील गॉथिक (आता लुप्त झालेल्या जर्मानिक भाषेतील) बायबलमध्ये, लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात, धनी आपल्या दहा दासांना पैसे देऊन मी येईपर्यंत व्यापार करा असे सांगतो, तिथे ‘काउपोन’ हे क्रियापद आहे; नुसत्या विकत घेण्याला गॉथिकमध्ये ‘बुग्यान’ हा वेगळा शब्द होता. तेव्हा जर्मानिक लोकांनी ‘काउपो’ हे नाम उचलून त्यावर स्वतः क्रियापद घडवले, की लॅटिनमधील ‘काउपोनारी’ (दुकानदारी करणे) हे क्रियापदच थेट घेतले? आणि ‘व्यापार करणे’ हा व्यापक अर्थ उत्तरेकडे ‘विकत घेणे’ एवढाच उरला, त्याचे टप्पे जुन्या नॉर्स लेखनात कुठे दाखवता येतात का?

अर्थसाम्यावरून बांधलेल्या तर्कापेक्षा ध्वनिनियम आणि क्रियापदाचा गण यांच्या आधारे कोणी उत्तर दिले, तर अधिक उपयोग होईल. डॅनिश कोश हाताशी नसल्यास जर्मन ‘काउफेन’खालची नोंद सांगितली तरी चालेल, कारण तो शब्द याच कुळातला आहे.